माझं भोजन झालं आहे

सुभेदारसर कधीही दारावर टकटक करत नसत. दाराबाहेर उभे राहून ते मनात तीन अंक मोजत, मग घसा साफ करत, आणि आतल्या माणसाला सावरायला पुरेसा वेळ मिळाला असं वाटलं की दार ढकलून आत येत. पहिल्या दिवशी मला हे कुठून माहीत असणार? जानेवारी होता. कॅनडातल्या स्कारबरोत एका घराच्या बेसमेंटमध्ये दोन बॅगा घेऊन मी नुकताच पोचलो होतो आणि ओले मोजे हीटिंगच्या जाळीवर वाळत घालत होतो. बाहेर कोणीतरी खाकरलं, दार उघडलं आणि लांब काळा कोट घातलेला, पिकल्या केसांचा एक उंच माणूस चौकटीत येऊन थांबला.

"गजानन सुभेदार," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "नट."

मी हातातला मोजा खाली ठेवला आणि म्हणालो, "नमस्कार काका."

त्यांनी डोळे मिटले. "काका म्हणू नकोस. काका म्हटलं की लोकांना फुकट पास हवा असतो. सर म्हण, साहेब म्हण, नुसतं सुभेदार म्हटलंस तरी चालेल."

मी सर म्हणायचं ठरवलं. शाळेपासून तोंडात बसलेला शब्द होता. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडचा मी. वडील बाजार समितीत मापाडी, आई शिवणकाम करायची, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. जो कोणी मला चार गोष्टी सांगेल त्याला सर म्हणायचं, एवढी शिस्त मला होती. त्या पहिल्याच दिवशी सुभेदारसरांनी माझं जॅकेट चिमटीत धरून पाहिलं, "हे महाबळेश्वरला ठीक आहे," असं म्हटलं आणि अंगावरचा काळा कोट काढून मला दिला. तो कोट त्यांनी एका नाटकात न्यायाधीशाच्या भूमिकेसाठी शिवून घेतला होता. नाटक झालंच नाही. पुढचे तीन हिवाळे मी न्यायाधीशाच्या कोटात काढले. त्यांना दुसरा कोट होता का, हे विचारायचं मात्र तेव्हा सुचलं नाही.

बेसमेंटमध्ये दोन खोल्या होत्या, एक त्यांची, एक माझी. मधली भिंत इतकी पातळ की शिंक आली तर पलीकडून "शतायुषी भव" यायचं. किचन आणि वॉशरूम दोघांत एक. वर घरमालकीण सेल्वीअक्का, तिचा नवरा आणि दोन मुली राहत. हे कुटुंब श्रीलंकेतलं, तमिळ. सेल्वीअक्का सरांना "अ‍ॅक्टर सर" म्हणायची आणि त्यात चेष्टा किती, आदर किती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे. ते जिन्याच्या तळाशी उभे राहून तीन अंक मोजत तेव्हा ती वरून ओरडायची, "अ‍ॅक्टर सर, कमिंग ऑर नॉट कमिंग?"

"नट जिना चढत नाही," ते मला हळूच म्हणायचे. "नट प्रवेश करतो."

बसच्या दारातही त्यांचं तेच. ड्रायव्हर दार उघडायचा, हे क्षणभर थांबायचे आणि दार बंद व्हायचं. माझ्यासमोर अशा तीन बस गेल्या. उणे अठरा तापमानात पुढच्या बसची वाट पाहताना ते म्हणाले, "त्याला नाट्याचं अंग नाही. त्याचा दोष नाही."

पोटापाण्यासाठी ते एका कॉन्डोच्या इमारतीत सिक्युरिटी डेस्कवर बसत. पण नोकरी हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. गणवेशाचा निळा कोट चढवताना म्हणत, "ही भूमिका जरा लांबली आहे." अकरा वर्षं लांबली होती. पार्सल घ्यायला येणाऱ्यांना ते ज्या आवाजात सही करायला सांगत, त्या आवाजात आमच्या तालुक्याला स्वातंत्र्यदिनाचं भाषणही कोणी केलं नसेल.

कॅनडात आल्यापासून त्यांनी टीव्हीवर आणि सिनेमात कामं केली होती, हे खोटं नव्हतं. त्यांच्याकडे एक जाड वही होती, त्यात सगळं लिहिलेलं. टॅक्सी ड्रायव्हर क्रमांक दोन. दुकानदार. दुकानदार. पुन्हा दुकानदार. तिन्ही दुकानदार पहिल्या पाच मिनिटांत लुटले जात. एकदा शवागारातलं प्रेत. त्या प्रेताबद्दल ते फार गंभीरपणे बोलत. "श्वास कोणीही रोखेल. गेलेला माणूस जिवंतपणी कसा होता ते पडून दाखवायचं, हा अभ्यास आहे." कागदावर यांपैकी कोणालाही नाव नव्हतं, म्हणून सरांनीच सगळ्यांना नावं दिली होती. टॅक्सीवाला इस्माईल होता आणि त्याला मधुमेह होता. दुसऱ्या दुकानदाराचं नाव हसमुखभाई, त्याची मुलगी दंतवैद्य व्हायचं म्हणत होती. प्रेताचं नाव ते सांगत नसत.

"एकदा," ते म्हणायचे, "एकदाच कागदावर छापील नाव असलेलं पात्र मिळू दे. मग हे डेस्क, ही बस, हा बर्फ, सगळ्यांना नमस्कार."

हे ते इतक्या वेळा म्हणत की मला त्यांच्यासाठी देवाकडे हेच मागायची सवय लागली. ते चांगले नट होते की नाही, हे मात्र मला कळत नव्हतं. आमच्याकडे गणपतीत नाटक व्हायचं तेवढंच मी पाहिलेलं. मराठी मंडळाच्या एका एकांकिकेत सरांना पोस्टमनचं काम मिळालं, दोन वाक्यांचं. त्यांनी ते अकरा मिनिटं केलं. पत्र देण्याआधी त्यांनी पत्राकडे पाहिलं, पाठीवरच्या थैलीकडे पाहिलं, मग पोस्टमनच्या आयुष्याकडे पाहिलं. माझ्या मागे बसलेल्या एका पोरीने आईला विचारलं, "मॉम, इज ही ओके?" आई म्हणाली, "शू, इट्स थिएटर." नाटक संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "सुभेदार, तुम्ही पत्र दिलंत तेव्हा हॉलची वेळ संपत आली होती हो." सर म्हणाले, "पत्र पोचलं ना? माझं काम संपलं." मला हसू आवरत नव्हतं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले होते. असं का झालं, मला अजून सांगता येत नाही.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, माझं सगळ्यात जास्त ऐकलेलं. मी कॉलेजमधून येऊन खिचडी लावायचो आणि त्यांना हाक मारायचो. ते दारात यायचे, तळहात उंच करायचे आणि म्हणायचे, "माझं भोजन झालं आहे." रोज. पिठलं असो, अंड्याची पोळी असो. फ्रिजमधल्या त्यांच्या कप्प्यात दुधाची पिशवी, चार मिरच्या आणि अर्धं लिंबू असायचं. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही जेवता कधी?" ते म्हणाले, "नट लोकांसमोर खात नाही. खाताना चेहरा आपल्या ताब्यात राहत नाही." मला ते पटलं. ते कॉन्डोवर डबा नेत असतील, वाटेत काही घेत असतील, असं मी धरून चाललो.

कॉलेज संपलं आणि मी नोकरी शोधू लागलो. काम मिळालं तरच पुढे इथे राहण्याचा अर्ज करता येणार होता. दोन इंटरव्ह्यूंत मी गेलो तसा परत आलो. सरांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असावं. ते खाकरून आत आले आणि म्हणाले, "तुझं इंग्रजी वाईट नाही. ते लाजतं. ऊठ." मग त्यांनी मला वॉशरूमच्या दारातून एकोणीस वेळा खोलीत प्रवेश करायला लावलं. मोजायचं कसं, थांबायचं किती, हात कुठे ठेवायचे. "तू नोकरी मागायला आलेला नाहीस. तू आलेला आहेस. एवढंच."

तिसऱ्या इंटरव्ह्यूला एका बँकेच्या ऑफिसात मी खुर्चीत बसलो आणि तीन अंक मोजले. समोरच्या बाईंनी विचारलं, "आर यू ऑल राइट?" मी म्हटलं हो, आणि कसा कोण जाणे, पुढचा अर्धा तास सरळ बोललो. नोकरी मिळाली. ती सरांमुळे मिळाली की बाईंना माझी काळजी वाटली म्हणून, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. पेढे मिळाले नाहीत म्हणून बर्फी आणली. सरांनी बॉक्सला हात लावून नमस्कार केला. "माझं भोजन झालं आहे," ते म्हणाले. "पण अभिनंदन स्वीकार."

त्यानंतरच्या फेब्रुवारीत ती ईमेल आली. सरांची ईमेल मीच बघत असे. संगणक त्यांच्या मानात बसत नव्हता. त्यांची एजंट बाई वर्षातून दोनदा काहीतरी पाठवायची. या वेळी एका टीव्ही मालिकेचं ऑडिशन होतं. विनिपेग शहरात एकटा राहणारा म्हातारा बाप, त्याची नोकरी गेलेली आहे आणि तो ते मुलापासून लपवतो आहे. मुलगा भेटायला येतो, एवढाच प्रसंग. पात्राचं नाव देविदास.

सरांनी माझ्या फोनच्या पडद्यावर त्या नावावर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथेच होतं.

"आडनाव दिलंय?"

"नाही सर. नुसतं देविदास."

"आडनाव मी देईन," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. या वेळी मीच मनात शतायुषी भव म्हटलं.

ऑडिशन घरीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. कॅमेऱ्यात फक्त देविदास दिसायला हवा. मुलाची वाक्यं कॅमेऱ्यामागे उभं राहून कोणीतरी वाचायची. असं वाचणाऱ्याला तिकडे रीडर म्हणतात. रीडर मी. प्रसंग नटांच्या मातृभाषेत करायचा होता, त्यामुळे इंग्रजी वाक्यांचं मराठी मीच केलं. मला भाषांतर कुठलं येणार? घरी फोनवर बोलतो तसं लिहिलं. मुलगा विचारतो, "बाबा, जेवले काय?" आणि बाप म्हणतो, "जेवलो न. तू जेवला काय?"

सरांनी कागद पाहिला, लाल पेन घेतलं आणि बापाची सगळी वाक्यं खोडली. वर नवीन लिहिलं: "चिरंजीव, माझं भोजन केव्हाच आटोपलं आहे. तुझ्या क्षुधेचं काय?"

"सर, विनिपेगमधला माणूस असं बोलेल का?"

"देविदास बोलेल. तू त्याला ओळखत नाहीस."

रविवारी सकाळी सेल्वीअक्काकडची मंडळी देवळात गेली. एरवी डोक्यावर मुलींची धावपळ, म्हणून आवाजाचं कुठलंही काम रविवारी सकाळीच जमायचं. घर गरम ठेवणारी फर्नेस घरघर करायची, ती मी बंद केली. इस्त्रीच्या टेबलावर डब्यांचा मनोरा रचून फोन उभा केला, मागे निळी चादर लावली. दहा मिनिटांत बेसमेंट असं गार पडलं की बोलताना तोंडातून वाफ येऊ लागली. मी न्यायाधीशाचा कोट घालून कॅमेऱ्यामागे, आणि सर नुसत्या शर्टात कॅमेऱ्यासमोर. त्यांनी तीन अंक मोजले, हनुवटी वर गेली आणि तो आवाज सुरू झाला. पोस्टमनचा, दुकानदारांचा, पार्सलवाल्यांशी बोलतानाचा, सगळ्यांचा एकच आवाज. मी माझी वाक्यं वाचली. घाई होती, सर कुडकुडत होते, त्यामुळे मी काही विशेष न करता वाचली. संध्याकाळी ते पाठवून दिलं.

पुढचे दोन आठवडे सर हवेत होते. केस काळे करून आले. कॉन्डोवर सांगून टाकलं की मार्चपासून त्यांचं काही सांगता येणार नाही. सेल्वीअक्काला म्हणाले, "माझी खोली कोणाला देऊ नका, पण मी फार दिसणारही नाही." अक्का मला जिन्यात गाठून म्हणाली, "इज दिस ट्रू?" मी म्हटलं, "होईल, अक्का."

मग उत्तर आलं. बँकेतून सुटल्यावर सबवेच्या फलाटावर उभा असताना मी ते वाचलं. श्री. सुभेदार, आपण टेप पाठवल्याबद्दल आभार, देविदासच्या भूमिकेसाठी आम्ही वेगळा विचार करत आहोत. याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. आपल्या टेपमध्ये वाचणारे गृहस्थ कोण आहेत? त्यांनी मुलाच्या भूमिकेसाठी टेप पाठवावी अशी आमची इच्छा आहे.

मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं, कुणाच्या तरी नावाची अदलाबदल झाली असेल. मला नट व्हायचं नव्हतं. मी फक्त वाचलं होतं. तीस वर्षं एका माणसाने ज्या दाराबाहेर उभं राहून अंक मोजले, ते दार उघडून कोणीतरी त्याच्या मागे उभ्या असलेल्या मला आत बोलवत होतं, आणि मी तर मोजलेही नव्हते.

चार दिवस मी काहीच बोललो नाही. सर रोज खाकरून यायचे. "आलं?" "नाही सर." अशी चार खोटी बोललो. आयुष्यात कोणाही सरांशी मी असं खोटं बोललो नव्हतो. नुसतंच "नाही" कळवून ती ईमेल पुसून टाकावी असंही मनात आलं. पण पत्र त्यांच्या नावावर आलेलं होतं. दुसऱ्याचं पत्र लपवणं मला जमेना. पाचव्या दिवशी त्यांनी "आलं?" म्हणताच मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळून फ्रिजकडे पाहत होतो.

"कधी आलं हे?"

"सोमवारी."

"हं." वर मुली पळत होत्या. "तुझी कुठली ओळ आवडली, ते लिहिलेलं नाही."

"नाही सर."

"विचारायला हवं होतं त्यांनी. म्हणजे मलाही अंदाज आला असता." फोन परत देत ते म्हणाले, "रविवारी सकाळी दहा. अक्का देवळात गेल्यावर. आंघोळ करून ये."

"सर, मला नाही करायचं. मी नाही कळवतो."

त्यांचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "भूमिकेला नाही म्हणणारा तू कोण रे? नाही म्हणायला आधी तीस वर्षं हो म्हणावं लागतं."

रविवारी आमची जागा बदलली. मी चादरीसमोर, सर कॅमेऱ्यामागे. मी काळा कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांनी तो राहू दिला. त्यांच्या हातात तोच जुना कागद होता. लाल खाडाखोडीमुळे काही वाचता तरी येईल का, असं मला वाटलं.

"बाबा, जेवले काय?" मी म्हणालो.

तीन अंक मोजायचा वेळ गेला नाही. लगेच आवाज आला, आणि तो आवाज मला ओळखता येईना.

"जेवलो न," तो आवाज म्हणाला. अगदी हलका, जरासा घाईत, विषय लवकर संपावा म्हणून बोलतात तसा. "मघाच जेवलो. तू जेवला काय?"

ती मी लिहिलेली वाक्यं होती, लाल रेघेखालची. पुढचं माझं वाक्य मला आठवेना. मी नुसता पाहत राहिलो. मग त्यांनी कागदावर नसलेलं काहीतरी म्हटलं. "कायले काळजी करतं माह्यी? थंडी लय हाये, सेटर घालत जाय बाप्पा."

हे मी लिहिलं नव्हतं. ही आमच्याकडची बोली, शब्दाच्या शेवटी येणारा तो हेलसुद्धा आमच्याकडचा. सर आपण मूळचे कुठले हे कधी नीट सांगत नसत. एकदा पुण्याचे म्हणाले होते, एकदा बडोद्याचे. त्यांच्या तोंडून असं अक्षर कधी आलं नव्हतं. मी कशीबशी उरलेली वाक्यं म्हटली आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

"सर, तुम्ही आमच्या बाजूचे आहात?"

"कोण म्हणालं?" त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता. "भिंत पातळ आहे. तू तुझ्या वडिलांशी रोज बोलतोस. मी अभ्यास केला."

"सर, तुम्ही आत्ता जसं म्हणालात तसंच कॅमेऱ्यासमोर म्हणा. आपण पुन्हा पाठवू. एकदाच."

"मी काही केलंच नाही. वाचलं फक्त."

मी हट्ट धरला. फोन त्यांच्याकडे वळवला, चादरीसमोर उभं केलं. त्यांनी कोट उतरवला, घडी घालून ठेवला. तीन अंक मोजले. हनुवटी वर गेली. "जेवलो," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात पोस्टमन, टॅक्सीवाला, तिन्ही दुकानदार उभे राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी ते स्वतःच थांबले. "फर्नेस लाव," म्हणाले. "गार झालंय."

माझी टेप गेली. मला भूमिका मिळाली नाही. दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ते ऐकून सरांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, की बरं वाटलं, मला कळलं नाही. ते म्हणाले, "पहिला नकार. वहीत लिही." कॉन्डोवर त्यांनी कळवलं की मार्चचा कार्यक्रम रद्द झाला आहे. निळा कोट चढवताना तेच वाक्य म्हणाले, फक्त अकराऐवजी बारा वर्षं झाली होती.

पुढच्या वर्षी मी स्वतःची जागा घेतली. काळा कोट परत करायला गेलो तर त्यांनी घेतला नाही. "न्यायाधीश बदली होऊन गेले," म्हणाले. पंधरा दिवसांतून एकदा मी फोन करायचो, नंतर महिन्यातून. ऑक्टोबरमध्ये सेल्वीअक्काचा फोन आला. सर कामावरून आले, जिन्याच्या तळाशी नेहमीसारखे थांबले आणि बसले. अक्काने वरून हाक मारली, कमिंग ऑर नॉट कमिंग. उत्तर आलं नाही. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत संपलं होतं. अक्का रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आय थॉट ही इज डुइंग हिज थिंग." त्यांची एक भाची इंदूरहून फोनवर बोलली, हिंदीत. मामा मूळचे कुठले असं मी विचारलं तर म्हणाली, "मामाजी तो बचपन से ही नाटक में थे." एवढंच.

खोली आवरायला मी गेलो. वही घेतली. शेवटच्या पानावर, प्रेताच्या बऱ्याच खाली, एक ओळ होती. रीडर. भूमिकेचं नाव: देविदास. पुढे आडनावाच्या जागी काही लिहून खोडलेलं होतं. मी ते उजेडात धरून पाहिलं, पण वाचता आलं नाही.

ती टेप माझ्या फोनमध्ये अजून आहे. तिच्यात दिसतो मी, आणि सर नुसते ऐकू येतात. ते चांगले नट होते का, हे विचारायला माझ्याजवळ नाटकातलं कळणारं कोणी नव्हतं. म्हणून एका रविवारी घरी फोन लागला तेव्हा मी ती बाबांना ऐकवली. काही न सांगता, फोनला फोन लावून. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. चाळीस वर्षं त्यांनी बाजार समितीत पोती तोलली, दुष्काळातल्या हंगामात माणसंही पाहिली.

"कोन हाये हा?" त्यांनी विचारलं.

"ओळखीचे आहेत एक. कसं वाटलं?"

"खोटं बोलते तो," बाबा म्हणाले. "जेवला नाही."

कागदावर तेच तर होतं, बाप मुलाशी खोटं बोलतो. मी म्हणालो, "बाबा, ते नाटक आहे. ते नट होते."

"असन नाटक. जेवल्या मानसाचा आवाज असा नसते." मला फ्रिजमधलं अर्धं लिंबू दिसलं, वर केलेला तळहात दिसला, बर्फीच्या बॉक्सला केलेला नमस्कार दिसला. तीन हिवाळे मी त्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहिलो होतो. त्यातलं नाटक कुठलं आणि खरं कुठलं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

"तू त्याले इचारलं, जेवले काय म्हनून," बाबा म्हणाले. "तो हो म्हने. मंग तू ताट वाढलं का नाही?"